चार बोटांचा निकाल

हॅलो?… हॅलो, मामा? हां, रविराजच बोलतोय… न्हाई न्हाई, कामात न्हाई. म्हणजे हाय, पण मीटिंगचा आवाज बंद करून ठेवलाय. ती माझ्याशिवाय पण चालती… व्हय, मलकापुरातच, खोलीवर. बरं झालं तुमीच लावला, मी सकाळधरनं लावतोय, लागतच न्हवता… रेंज न्हाई व्हय. बरं, आधी माझं ऐका. बसलाय का उभं हाय?… मग बसा. बसा की जरा…

मामा, काल पाखऱ्या जिंकला.

काल. औंधच्या माळावर, बैलांच्या शर्यतीत, फायनलला. बिराप्पाची न्हाई, आपली गाडी पहिली आली… चेष्टा न्हाई ओ… मी कशाला पिईन दिवसाढवळ्या!… आवं, निकाल मीच दिला, मला ठाऊक हाय काय दिला ते. चार बोटांनी बिराप्पा पुढं. तोच निकाल चुकलाय. माझा चुकलाय.

कसा चुकला व्हय?…

सांगतो, सांगतो. निकालाला मी रेघेवर फोनचा कॅमेरा लावतो ना, तो सगळं चित्र एका दमात घेत न्हाई. वरच्या काठापासनं खालपर्यंत एकेक ओळ वाचत येतो… ओळ म्हणजे… थांबा. तुमी मेंढरं मोजता. माळावर कळप पसरलाय. ह्या टोकापासनं मोजत निघालासा. त्या टोकाला पोचेपर्यंत तिकडची मेंढरं जाग्यावर ऱ्हात्यात का?… हां! चरत पुढं गेलेली असत्यात. तसंच. पल्याडची गाडी चित्रात वर दिसती, ती आधी वाचली. अल्याडची खाली, ती नंतर वाचली. तेवढ्यात ती पुढं सरकली. अल्याड कोण पळत हुतं?… बिराप्पा. आणि पल्याड आपण.

पापणी लवायच्या आत, व्हय. त्याच्या पण आत. पण तेवढ्यात पाखऱ्या किती जातो, तुमीच सांगा… बघा! सात बोटं तरी बिराप्पाला फुकट मिळाली. आणि निकाल किती बोटांचा? चार… व्हय. व्हय मामा. तेच सांगतोय मघापासनं.

आधी का न्हाई कळलं… कारण मी सगळं एका मोटरसायकलवर तपासलं हुतं. आमच्या सयाजीच्या. त्याला पळवून पळवून बेजार केला, रेघ ओलांडली की आकडा बरोबर यायचा. पण एकच गाडी. दोन गाड्या शेजारी-शेजारी कवा पळवल्याच न्हाईत. शर्यत दोघांची आणि मी एकट्याला पळवून बघितलं… हसा, हसा. मला पण काल व्हिडिओ बघताना हसूच आलं आधी.

न्हाई, नोकरीवर काय परिणाम न्हाई त्याचा. नोकरीत चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवायची, कुणाला कळत पण न्हाई. तीन वर्षं झाली, मी एका परदेशी बँकेच्या वेबसाइटच्या एकाच पानावर काम करतोय. ती बँक बघितली न्हाई, तिथला एक माणूस बघितला न्हाई. आणि आता त्यातलं निम्मं यंत्रच लिहितं, मी नुसता व्हय म्हणतो. हातानं केलेलं म्हणून दाखवायला हा एक कॅमेराच हुता, मामा. रविवारी उन्हात रेघेवर उभा ऱ्हायचो. लोक म्हणायचे, इंजिनियर आला, आता भांडण न्हाई… जाऊ द्या ते. तुमी आधी पाखऱ्याला गुलाल लावा. बक्षीस-बिक्षीस ऱ्हाऊ दे तिकडं…

काय?… आवाज कसला येतोय?… टेम्पो? कुणाचा टेम्पो?

…

मामा, विकायला कुणी सांगितलं तुमाला!

कवा ठरलं?… काल माळावरच?… आणि मला एका शब्दानं… लोणंदकडचा कोण? कशाला पायजे त्याला पाखऱ्या?… उसाच्या गाडीला? मामा, पाखऱ्या उसाच्या गाडीला? आवं त्यानं शर्यतीच्या छकड्याबिगर काय वढलं न्हाई जन्मात. तुमी त्याला शेणाची गाडी वढू दिली न्हाई कवा…

भरला न्हाई ना अजून?… दारातच हाय ना? मग काय न्हाई झालं. सांगा त्याला, बेत बदलला… शब्द दिलाय. शब्द चुकीच्या निकालावर दिलाय की!

हां, दम सरला त्याचा, असं तुमाला वाटलं. पण दरवर्षी वाटलं का? दरवर्षी रेघेवरच्या झेंडापंचाशी भांडलासा. पंच पार्टी धरतो म्हणलासा. एकदा तर झेंडाच काढून घेतला त्याच्या हातातनं. मग ह्याच वर्षी का मान खाली घातली?…

…

व्हय. मीच म्हणलं हुतं. कॅमेरा खोटं बोलत न्हाई. माईकवरनं म्हणलं हुतं, ठाऊक हाय मला.

काय म्हणलासा?… न्हाई! मन राखायला न्हाई सांगत मी!… मामीनं फोन केला न्हाई मला. आईची शप्पत. मला टेम्पोचं ठाऊक तरी हुतं का? आत्ता तुमीच सांगितलंसा… द्या मामीला. द्या फोन.

मामी, मी रविराज. आपण बोललो का सकाळपासनं?… तेच सांगा त्यांना… सांगितलं? मग?… मामी, रडू नका ओ… व्हय. तुमी जेवढं सांगाल तेवढं त्यांना वाटणार, दोघांनी मिळून ठरवलंय. … भाकरी खाल्ली का पाखऱ्यानं?… तुमच्या हातनं पण न्हाई?… द्या मामांना.

हां मामा. ऐका, रागावू नका. हंगामाच्या सुरवातीला तुमी म्हणलासा, भाच्या, जरा आपल्याकडं बघ. मी चारचौघांत म्हणलं, कॅमेऱ्याला मामा नसतो. लोक हसले. तुमी पण हसलासा, पाठ थोपटलीसा माझी… व्हय, अभिमान वाटला तुमाला. म्हणून आता… अशानं कसं हो मामा. तवा खरं बोललो म्हणून आत्ता खोटं ठरवताय?

माझ्या नावाचं मी बघतो. म्हणू द्या लोकांना, भाच्यानं मामाचा बैल जिंकवला. म्हणू द्या की!… कमिटीला सकाळीच सांगितलंय मी. अध्यक्ष काय म्हणले… ते जाऊ द्या… आवं जाऊ द्या… म्हणले, बिराप्पाचा बॅनर छापायला गेला, आता मामासाठी रडत बसू नको… हां. तुमी म्हणताय तेच. शब्द न् शब्द तेच.

दोन तास थांबा फक्त. मी निघतो, सयाजीला घेतो. दोन मोटरसायकली तुमच्या दारात पळवतो, तुमच्याच डोळ्यांनी बघा. आटपाडी काय लांब न्हाई… ड्रायव्हरला घाई हाय तर चहा पाजा… पाजला तर दुसरा पाजा की…

थांबा, हितं मीटिंगमधी माझं नाव घेत्यात… घेऊ द्या. घेऊ द्या, मामा, तुमी बोला. नोकरी कुठं जाती लगेच.

पुढच्या रविवारी?… लोणंदच्या शर्यतीला?… न्हाई. मी तो कॅमेरा बंद केलाय… ते बोलावणारच ओ. झेंडापंचाला आता कुणी मानत न्हाई, हे पण मीच करून ठेवलंय… मामा, मी चुकलो म्हणून सांगतोय आणि तुमी मलाच धीर देताय…

टेम्पोला फळी लावली का?… कशाचा आवाज आला?… ओरडतोय कशाला तो माणूस, त्याला सांगा मारू नको म्हणून. पाखऱ्याला हाक मारली तरी कळतंय. नुसतं तोंडानं चुच केलं तरी येतो…

मामा, तुमी उठलासा का?… बसून ऱ्हावा. पाखऱ्याम्होरं उभं ऱ्हाऊ नका, तुमच्या मागं चढंल तो…

हॅलो?… हां. हाय मी. ऐकतोय.

…

घुंगरं वाजत्यात की! मामा, घुंगरं वाजत्यात. चढला न्हाई ना तो? उतरवलासा का?… मामा?

…

गळ्यातनं काढून तुमच्या हातात हायत व्हय.

…

बरं… न्हाई, मी कुठं रडतोय… व्हय, जेवतो… रविवारचं बघू… हां.

ठेवतो.