काचेच्या मधली दांडी

घर्र... घर्र... खट्! मग दम खाल्ल्यासारखी गप्प, आणि परत घर्र... हा डॉक्टरांच्या गाडीचा आवाज, आमच्या दारातला, मी चार वर्षांचा असतानाचा. आता तुम्हीच सांगा, चार वर्षांच्या पोरानं लक्षात ठेवावं तरी काय? डॉक्टर कोणाला बघायला यायचे? आईला. आई दिसायची कशी? आठवत नाही. बोलायची कशी? आठवत नाही. मला शेवटचं जवळ कधी घेतलं तिनं? नाही आठवत हो! पण गाडी काळी होती, चालू व्हायला तीन झटके घ्यायची आणि तिचा डावा दिवा जरा खाली बघायचा, हे विचारा, झोपेत सांगतो. आई विसरलो, गाडी मात्र ओळखली! मला काय हौस आहे का असल्या डोळ्यांची?

जन्म गॅरेजात गेला, त्याचं हे फळ. लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचा फोटो आला, मामाच्या गाडीला टेकून उभी. बाबा म्हणाले, ‘कशी वाटते?’ मी म्हणालो, ‘चांगली आहे, पण मागचं चाक बसलंय.’ पन्नास वर्षं झाली, आमची ही अजून आल्यागेल्याला सांगते, ‘अहो, मला बघायचं सोडून चाक बघत बसले हे!’ बरं, मी काय खोटं बोललो? बसलंच होतं चाक!

तर गेल्या रविवारी काय झालं, तुम्हाला सांगतो. दादाकडे गेलो होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा, आता ऐकायला कमी येतं, म्हणजे नको ते कमी येतं, हवं ते बरोबर येतं. त्याच्या नातीनं फोनवर एक ग्रुप धरलाय. लोक घरातले जुने फोटो टाकतात, मागे उभी असलेली गाडी कुठली, कोणत्या सालची, ते ओळखायचं, आणि खाली घरची एखादी आठवण लिहायची. पोरगी म्हणाली, ‘छोटे आजोबा, तुमच्यासारखा माणूस घरात असताना मी लोकांना कशाला विचारू?’ झालं, चढलो मी. समोर अल्बम, ती एकेक फोटो फोनवर मोठा करून दाखवतेय, मी सांगतोय. ही? हिचे दरवाजे उलटे उघडायचे. ही? हिला गिअरचा दांडा स्टिअरिंगला. आणि ही? हिची टपाची ताडपत्री मी शिवलीय!

‘आणि हा बॉनेटवर हात ठेवून कोण उभाय?’

‘असेल कोणीतरी. पण बम्पर बघ, दुसऱ्याच गाडीचा लावलाय.’

पेपरामागून दादाचा आवाज आला, ‘अरे, तो तू आहेस.’

हसा, हसा. पोरगी तर खुर्चीवरून पडायची राहिली. पण मी म्हणतो, केस होते तेव्हा मला, ओळखणार कसा? गाडी मात्र ओळखली की नाही?

मग त्या पोरीला चेव आला. म्हणाली, ‘आता अवघड देते, नुसता तुकडा दाखवते. सांगा!’ आणि फोन नाकासमोर धरला. तुकडा तरी केवढा? पुढच्या काचेचा मधला भाग, वरची पट्टी आणि कोणाचं तरी कोपर. मी म्हणालो, ‘हे अवघड? अगं, काच बघ, अख्खी आहे, एकसंध. आधी सगळ्या गाड्यांना दोन तुकड्यांची काच असायची, मधे दांडी. डॉक्टरांच्या गाडीला होती. आई गेली त्या साली आमच्याकडे येणाऱ्या झाडून सगळ्या गाड्यांना होती. अख्ख्या काचेची पहिली गाडी आमच्या गॅरेजात आली ती आई गेल्यावर तिसऱ्या वर्षी, मी सात वर्षांचा, तिच्यासमोर उभा राहून दात बघितले होते स्वतःचे! लिही, आई गेल्यावर तिसरं वर्ष. त्याच्या एक दिवस आधीची असेल तर माझं नाव बदल!’

पोरीचं लिहिणारं बोट मधेच थांबलं. पेपराचाही आवाज थांबला. मी म्हणालो, ‘काय झालं? चुकलो?’ तिनं दोन बोटांनी तो फोटो लहान केला... आणि कोपराला हात आला, हाताखाली चेहरा आला, ऊन लागतंय म्हणून डोळ्यांवर हात धरलेली बाई आली.

तो आईचा फोटो होता हो.

समोरच्या भिंतीवरचा. आईचा एकुलता एक. आता म्हणाल, इतकी वर्षं बघतोस, काच दिसली नाही? नाही दिसली! जन्मात एकच फोटो असा होता, ज्यात मी गाडीकडे बघितलंच नाही. लहानपणी मी फार रडायचो, सगळ्यांना आई आठवते, मला एकट्याला नाही. तेव्हा दादानं कुठल्याशा ट्रंकेतून हा काढून आणला आणि म्हणाला, ‘ही बघ आई. तुझी हनुवटी हिचीच आहे.’ त्या दिवसापासून मी रडलो नाही. दाढी करताना हनुवटीवर वस्तरा जपून चालवतो, अजून. आणि आता? ही बाई आई गेल्यावर तीन वर्षांनी उन्हात उभी! म्हणजे मावशी. आईची धाकटी बहीण, आमचं करायला येऊन राहिली होती ती. दुसरं कोण असणार? माणूस चुकलो, गाडी मात्र ओळखली!

मी घाईघाईनं म्हणालो, ‘काच बदलली असेल कोणीतरी. दांडी काढून अख्खी बसवली असेल, काय दादा?’

आणि हे मी सांगतोय कोणाला? ज्यानं चाळीस वर्षं त्याच गॅरेजात गाड्यांच्या काचा बसवल्या, त्याला! मी इंजिनात डोकं घालायचो, काचा सगळ्या दादाच्या. ज्याला लांबून येणारी काच कुठल्या मापाची ते कळायचं, त्याला रोज जेवताना समोर असलेली काच दिसली नसेल? पहिल्या वर्षीच दिसली असेल. नाहीतर ट्रंकेतून काढतानाच ठाऊक असेल, ही कोण ते. आणि हा माणूस साठ वर्षं भाताबरोबर गिळत बसला, का? तर धाकटा रडेल!

मी मान वर केली नाही. पोरगी हळूच म्हणाली, ‘छोटे आजोबा, मग खाली साल काय लिहू? नाव कोणाचं लिहू?’

मी म्हणालो, ‘नाव आईचं लिही. आणि गाडीचं... लिही की गाडी ओळखता येत नाही. फोटो जुना आहे, नीट दिसत नाही.’

‘तुम्हाला ओळखता येत नाही?’

‘नाही म्हणालो ना!’

दादानं पेपराची घडी केली, चार बाजूंनी, अगदी इस्त्री केल्यासारखी. उठला. भिंतीपाशी गेला, सदऱ्याच्या टोकानं फ्रेमची काच पुसली, जरा तिरकी होती ती सरळ केली. मी वाट बघतोय, आता काहीतरी म्हणेल. साठ वर्षांत पहिल्यांदा मी एक गाडी ओळखली नाही, माणसानं ‘बरं केलंस’ एवढं तरी म्हणावं की नाही? ‘गाढवा’ म्हणावं, तेही चाललं असतं. छे! घरातल्या चपला सरकवल्या पायात आणि गेला निघून आतल्या खोलीत.