मनुबाईंची पापणी

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या लाँचसाठी रांगेत उभी होते. मागे मनुबाई आणि त्यांच्या सुनेचं बोलणं चाललं होतं.

"पूनम, खरं सांग. त्या थेंबांत तू काय घातलंस?"

"आई, डोळे आले होते म्हणून डॉक्टरांनीच दिले होते ते."

"मग त्यानंतरच माझी पापणी डोळ्यावर कशी पडली?"

"थेंबांनी नाही पडली. डोक्यातली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलीय, ती डोळ्याच्या नसेवर दाबतेय. एमआरआयमध्ये दिसलं ना?"

"तुला दिसलं. माझं तर डोकंबी दुखत न्हाय."

"म्हातारपणी कधी कधी दुखत नाही, डॉक्टर म्हणाले. पण फुटली तर?"

"म्हणून मुंबईला टाकून येतेस व्हय मला?"

"ऑपरेशन आहे, आई. मीपण तिथेच राहणार."

"सगळ्या असंच म्हणतात."

"लाँच लागली. चला, फळीवर पाय टाका."

"थांब."

"आता काय?"

"मला दोन फळ्या दिसतायत."

"अगंबाई! कधीपासून?"

"गौरी गेल्या तवापासून. तुला सांगितलं न्हाय."

"का पण?"

"तू लगेच न्हेलं असतंस."

मागून पूनमचा हुंदका ऐकू आला.

"रडू नको. हात दे. यातली खरी कुठली, ते सांग."