टार्गेटवरच्या टिकल्या

अमेरिकेत हर्नडनजवळच्या आमच्या पिस्तूल क्लबच्या मॅचेस मी घ्यायचो ना, तेव्हाची गोष्ट. प्रत्येकाचं शूटिंग झालं की पुठ्ठ्याच्या टार्गेटवरची भोकं स्टिकर लावून बुजवायची, मगच पुढचा. एकदा ऐन मॅचमध्ये स्टिकर संपले. नागपूरहून आलेल्या आईने शांतपणे पर्समधून टिकल्यांची पाकिटं काढली आणि भोकं बुजवायला लागली. शेवटी माझी पाळी. माझ्या सगळ्या गोळ्या हुकल्या. आईने टार्गेट नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "गुणाचा रे माझा. एकही टिकली वाया घालवली नाहीस."

हे मी आमच्या स्कोअरर बॉबला इंग्रजीत सांगितलं, तिथेच चुकलं. आता आई नाही. पण माझा नेम हुकला की म्हातारा बॉब अजून हळूच म्हणतो, "युअर मॉम वुड बी प्राउड."