'असला तर' म्हणायचं ऱ्हायलं

...आन् म्हंत्यात संगणकाला समदं कळतं! कुठलं कळतंय? तुमाला सांगतो, नीट इचारलं तर कळतं, न्हाईतर आमच्या इस्लामपूरच्या नाथाजीगत हुतं. प्रश्न इचारायची बी रीत असती, बाबांनो!

नाथाजी म्हंजी पलटणीतनं हवालदार हून आलेला गडी. तिकडं बर्फात घसरून दरीत गेला, तवा खांद्यावर टाकून त्याला वर आणला मेढ्याकडच्या गुंडा नावाच्या जोडीदार शिपायानं. नाथाजी दवाखान्यात सुद्दीवर आला तवर गुंडाची बदली! साधं 'तुज्यामुळं वाचलो' म्हणायचं ऱ्हायलं, ते म्हातारपणापतुर ऱ्हायलंच. मेढ्याच्या त्या जावळी तालुक्यात डोंगरागणिक वस्ती... हुडकायचा कुठं?

तर त्याची पुतणी रेश्मा, पुण्याला संगणकात हाय. तिनं माजी सैनिकांची समदी म्हायती एकमेकीला जोडून ठिवली. ह्यो माणूस, ही पलटण, ही वस्ती, अशी. म्हणाली, "काका, एकदम सोपं. वाक्य तीन तुकड्यांचं. कोण, कसलं नातं, कशाशी. जे माहीत नाही त्याच्या आधी प्रश्नचिन्ह, वाक्य संपलं की टिंब. वर 'सिलेक्ट' म्हणून काय हवं ते लिहायचं, आणि वाक्यं सगळी महिरपी कंसात."

सोपं? आवं, जलमभर प्रश्नचिन्ह शेवटाला दिलेला माणूस त्यो! पैल्यांदा टिंबच इसरला, यंत्र गुरगुरलं. मग एका ओळीत लिवलं '?गडी', दुसऱ्या ओळीत '?माणूस'. त्याच्या मनात दोनी एकच की! पर यंत्राच्या लेखी नाव बदललं की माणूस बदलला... त्येनं समद्या पलटणीला समद्या वस्त्या वाटून टाकल्या! एकेक शिपाई गावोगाव नांदाय लागला! प्रश्न इचारायची बी रीत असती, बाबांनो!

शेवटी जमलं. ?गडी, नाव, गुंडा, टिंब. ?गडी, तालुका, जावळी, टिंब. ?गडी, वस्ती, ?वस्ती, टिंब. आन् शाना, म्हणला फोन बी घिऊ की! ?गडी, फोन, ?फोन, टिंब. बटण दाबलं... पडदा कोरा. एक नाव न्हाई.

नाथाजी उठला, न्हाणीत गेला आन् डोक्यावरनं गार पाणी वतून घेतलं. त्याची बायकू लीलाबाई दारातनं, "आवं, कोण गेलं?"

"माजा गुंडा गेला. यंत्रात नावच न्हाई त्याचं."

दिसभर च्या बी घेतला न्हाई गड्यानं.

वरीस सरलं. दिवाळीला रेश्मा आली, तिनं त्यो प्रश्न बघितला आन् कपाळावर हात मारला. "काका, फोनची ओळ सक्तीची केलीत तुम्ही! ज्याच्या फोनची नोंद नाही, तो माणूसच गळतो. तिथं 'ऑप्शनल' लिहायचं. म्हणजे, असला तर!" लिवलं. आन् आला की गुंडा! नाव हाय, वस्ती हाय, फोनची जागा तेवडी मोकळी. जित्त्या माणसाच्या नावानं आंगूळ केली... प्रश्न इचारायची बी रीत असती, बाबांनो!

सकाळच्या पैल्या यष्टीनं मेढा, तितनं चढ चढून वस्ती. दारात गुंडाची मालकीण, रंगूबाई. नाथाजीनं नाव सांगितलं, तशी म्हणाली, "आवं दाजी, लय उशीर केला. ह्यांचं कान आदीपास्नंच जड, म्हणून फोन ठिवलाच न्हाई. पर वरडलं की ऐकायचं. गेल्या थंडीत ते बी बंद."

गुंडानं वळखलं. मिठी मारली, सोडंना. नाथाजीनं कानाशी तोंड नेलं आन् जीव खाऊन वरडला, "गुंडा! तू मला खांद्यावर आणलंस रं, खांद्यावर!"

गुंडा हसला. "कांदं? लय हायती की!"

"खांदा! खांदा!"

"व्हय व्हय, कांदा! आगं, पिशवी आण, भरून दे त्येला!"

लिवून दावावं, तर गुंडाच्या डोळ्यात मोतीबिंदू, माणूस वळखू यायचा पर अक्षर दिसंना. काय करनार? उपकाराचं बोलाय गेला, आन् वर कांद्याचं वझं घिऊन इस्लामपूरला आला.

लीलाबाईनं इचारलं, "भेटलं का? काय बोलणं झालं?"

नाथाजीनं इळी वढली, आन् सोता कांदं चिराय बसला.

"आवं, एक पुरं झाला की!"

"असूंदे गं," म्हणला, "आज समदंच चिरतो."