आज तिकडून सुरू कर

मंडळी, आयाबायांनो, गुरुजींच्या शाळेच्या पटांगणात एवढं गाव जमलंय आणि गुरुजीच नाहीत. मी रहिमान, त्यांचा विद्यार्थी. शेतकरी माणूस, भाषण येत नाही. सांभाळून घ्या.

गुरुजी आम्हाला भूगोल शिकवायचे. तेव्हा पाकिस्तान एक होतं. एक तुकडा इकडे, एक तिकडे, मध्ये आपला अख्खा देश. आम्ही विचारलं, "गुरुजी, असला देश चालतो कसा?" गुरुजींनी नकाशा गुंडाळला. म्हणाले, "गावची पंगत आठवा. ओळी दोन, स्वयंपाक एक. पण वाढपी पहिल्या ओळीतून हलेचना. दुसरीनं हाक मारली तर म्हणतो, आमच्या भाषेत मागा. किती वेळ बसतील?"

"उठतील, गुरुजी!" आम्ही ओरडलो.

"मग? ओळ लांब आहे म्हणून पंगत मोडत नाही रे. विचारपूस केली नाही की मोडते."

आणि मोडलीच, मंडळी. गेल्या वर्षी लढाई संपली, पाकिस्तानचा तिकडचा तुकडा वेगळा देश झाला, आपण जिंकलो म्हणून गावानं देवळापुढं जेवण घातलं. आदल्या दिवशी चावडीवर कुणीतरी म्हणालं, "रहिमान, तुमचं लई वाईट झालं म्हनायचं!" सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं मला. माझा बाप, माझा आजा याच मातीत आहेत. माझं कसलं वाईट झालं? पंगतीला गेलो, पण पार शेवटी बसलो.

गुरुजी पहिल्या ओळीत, पाटावर. तिथून त्यांनी मला पाहिलं. उठले. काठी टेकत आले आणि माझ्याशेजारी भुईवर मांडी घातली. बुंदी वाढायला आमच्याच वर्गातला सोपान होता. त्याला हाक मारली, "आज इकडून सुरू कर."

सोपान म्हणाला, "गुरुजी, मानकरी तिकडं हायेत."

"सोपान, भूगोल विसरलास काय रे?"

सोपान खाली बघत आला. पहिली बुंदी माझ्या पत्रावळीवर पडली. चावडीवर हसलेले सगळे बघत होते. त्यानंतर मला तसं कुणी बोललं नाही.

देश कसा बांधतात ते मोठ्या लोकांना विचारा. मी एवढंच पाहिलंय, एक म्हातारा माणूस मानाच्या पाटावरून उठला.

आता गुरुजींसाठी दोन मिनिटं उभं राहू. पण थांबा. पुढच्यांनो, जरा बसा. मागं लिंबाखाली जे बसलेत, त्यांना आधी उठू द्या.

गुरुजी, आज तिकडून सुरू करतोय.