सनईच्या तोंडाची नळी

थांबा! तो हार खाली ठेवा. आधी मला उत्तर पाहिजे.

माफ करा. सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या अवजार कारखान्याचे मालक दत्तोपंत, मंचावरचे पाहुणे, कामगार बंधू आणि आयाबहिणींनो, मी सूर्यभान, इथं नकाशे काढतो. आपले जुने मिस्त्री भुजंगराव, त्यांना निरोपाचे चार गोड शब्द बोलणार होतो. पण आत्ताच अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "यांनी कारखान्याची अब्रू बाजारात मांडली, म्हणून आम्हीच जायला सांगितलं." आमाला वाटलं, ते आपणहून चाललेत!

कसली अब्रू? आपली पेरणीची लोखंडी तिफण ओल्या रानात गेली की बी सोडायच्या नळ्या चिखलानं गच्च. पुण्याचे इंजिनियर आले, जेवले, गेले. मग भुजंगरावांनी तिफण सोनपेठच्या बाजारात उभी केली आणि वर पाटी लावली: 'ही चोंदते. का, ते सांगा.'

लोक लय हसले. एक म्हणाला, "भंगारात घाला, मामा!" कुणी तेल सुचवलं, कुणी नवस. शेवटी चारठाण्याचे सनईवाले सिताराम वाकून बघायले. म्हणाले, "तुमची नळी खाली निमुळती हाय, राव. आमची सनई बघा, खाली तोंड रुंद. थुंकी अडकून बसत न्हाई."

नळी खाली रुंद केली. चिखल गळून पडला! त्या दिवशी पेढे कुणी वाटले, दत्तोपंत? तुमीच ना?

आपली अडचण सांगितल्याबिगर दुसऱ्याचं डोकं आपल्याला मिळणार कसं? तोंड झाकून वैद्याकडं जाता का कुणी?

आणि ऐका, काम संपलेलं न्हाई. रुंद तोंडातून आता बियाणं तासाच्या, म्हंजे पेरणीच्या ओळीच्या, बाहेर सांडायलंय. मंचावर कुणाला इलाज ठाऊक हाय का? बोला की!

न्हाई ना. मग विचारायची हिंमत असलेल्या एकट्या माणसाला हार घालून दाराबाहेर काढता?

भुजंगराव, मान वर करा. उद्या सोनपेठचा बाजार हाय. ती जुनी पाटी मी तुमाला आठवण म्हणून द्यायला आणलीय, नवीन ओळ तुमच्या हातानं लिहा. तिफण कारखान्याची राहू द्या, सगळ्यांना दाखवायला आणलेली नळी माझ्या पिशवीत हाय. माझ्या नोकरीचं काय करायचं ते मालकांनी ठरवावं.

आपण शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. माझा आवाज चढला, तेवढं पोटात घाला.

अध्यक्षसाहेब, माईक ओढू नका. चला, भुजंगराव. चप्पल दारात हाय. आमी निघालो.