दिलेला शब्द

दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाबाहेर आजी नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी समाजकार्य शिकणाऱ्या दोन मुली दबक्या आवाजात भांडत होत्या.

"'कुणाला सांगणार नाही' असा शब्द दिलासच कशाला? मोठी हरिश्चंद्र लागून गेलीस! पहिल्या वर्षीच बजावलं होतं ना?"

"त्याशिवाय वॉर्डातली ती पोर तोंडच उघडेना. मग पाठ उघडून दाखवली. चटके आहेत गं. बाप देतो."

"मग आत जा, मॅडमना सांग."

"पुन्हा ती कुणावर विश्वास ठेवेल?"

"अगं बाई, आज घरी सोडतायत तिला! बाप खाली येऊन बसलाय."

"आजी, तुमचा नंबर," शिपाई म्हणाला.

आजींनी पाय बाजूला घेतले.

"आधी तू जा, पोरी. माझ्या लहानपणी सगळ्यांनी शब्द पाळला होता."